वार कोणता, ते आधी सांगा

नेदरलँड्सच्या दक्षिणेला ब्रेडा नावाचं शहर आहे. तिथल्या फुटबॉल क्लबचं नाव एनएसी. डच लोक ते एका दमात म्हणतात आणि कानाला ते आपल्या ‘नाक’सारखंच लागतं. या तीन अक्षरांत काय काय कोंबलंय ते उलगडून पाहण्यासारखं आहे. १९१२ साली दोन क्लब एकत्र आले. एक नोआड, म्हणजे ‘हार मानू नका, नेट सोडू नका’ या अर्थाच्या डच शब्दांची आद्याक्षरं. दुसरा आडव्हेंडो, म्हणजे ‘करमणुकीमुळे सुखाचा आणि विरंगुळ्यामुळे उपयोगाचा’. दोघांची मिळून झाली नोआड-आडव्हेंडो-कॉम्बिनाट्सी, आणि तिचं एनएसी. निम्मा मजकूर तालमीच्या भिंतीवरचा, निम्मा वाचनालयाच्या वार्षिक अहवालातला. एवढं सगळं छातीवर घेऊन अकरा जण मैदानात उतरतात.

डच क्लबांची नावं मला त्यांच्या गोलांइतकीच वाचावीशी वाटतात, कारण त्यांत थर दिसतात. सगळ्यात खालचा थर शाळकरी पोरांचा. १८७९ मध्ये हार्लेम शहरात पिम मुलियर नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने एचएफसी क्लब काढला. सुरुवातीला ती मंडळी रग्बीच खेळत, फुटबॉल मागून आला. त्या काळी दुपारी मोकळा वेळ, चेंडूला पैसे आणि इंग्लंडची हौस हे तिन्ही ज्यांच्याकडे होतं, ती मुलं सुखवस्तू घरांतली, ग्रीक-लॅटिन शिकणारी. म्हणून नावंही तशीच पडली: आयाक्स, स्पार्टा, हेराक्लेस, झर्क्सेस. नाहीतर थेट इंग्रजी: गो अहेड, बी क्विक, क्विक बॉइज. डेव्हेंटरच्या गो अहेडने पुढे त्याला ईगल्स जोडलं आणि २०२५ मध्ये अल्कमारच्या एझेडला पेनल्टींवर हरवून डच कप जिंकला. ‘चला पुढे, गरुडांनो’ असं नाव असलेला संघ एकविसाव्या शतकात कप उचलतो, हे मला फार आवडलं.

दुसरा थर कामगार आणि कारकुनांचा. ही माणसं उशिरा आली आणि आपल्याबरोबर सुविचार घेऊन आली. हेगच्या एडीओचा अर्थ ‘सरावाने सर्व काही’. अ‍ॅम्स्टरडॅमच्या डीडब्ल्यूएसचा ‘इच्छाशक्तीने बलवान’. उट्रेख्टच्या डीओएसचा ‘सरावाने बलवान’. झ्वोलेच्या पीईसीमध्ये एक राजपुत्र हेंड्रिक आहे आणि त्याला चिकटलेलं ‘निराश होऊ नका कधी’ हे वाक्य आहे. आइंडहोव्हनच्या पीएसव्हीचं पूर्ण नाव फिलिप्स स्पोर्ट फेरेनिखिंग, म्हणजे बल्बच्या कारखान्याचा क्रीडासंघ. वाल्वाइकच्या आरकेसीमधला आरके म्हणजे रोमन कॅथलिक. टिलबर्गचा क्लब तर सरळ राजाच्या नावाचा, विलेम दुसरा. आडनाव नाही, गाव नाही, नुसता रोमन आकडा.

नाव वाचलं की क्लब कोणी काढला ते बहुतेक वेळा कळतं. पण डच क्लबबद्दल शंभर वर्षं जो प्रश्न सगळ्यांत आधी विचारला गेला, त्याचं उत्तर नावात नेहमी मिळत नाही. तुम्ही खेळता कधी, शनिवारी की रविवारी?

बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळापत्रकाचा किरकोळ तपशील वाटेल. तो तसा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात डच समाज उभ्या खांबांमध्ये वाटलेला होता. कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी आणि उरलेले. प्रत्येकाची शाळा वेगळी, वर्तमानपत्र वेगळं, कामगार संघटना वेगळी, रेडिओवरचं केंद्रही वेगळं. मग फुटबॉल एक कसा राहील? कॅथलिकांचा महासंघ वेगळा, प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळींचा वेगळा, कामगारांचा वेगळा आणि या सगळ्यांच्या बाजूला १८८९ मध्ये स्थापन झालेली जुनी संघटना, जी १९२९ पासून ‘राजमान्य’ हे विशेषण लावून केएनव्हीबी झाली. कॅथलिकांना रविवारची अडचण नव्हती. सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपली की दुपारी चेंडू. अडचण होती ती कडव्या प्रोटेस्टंटांना. त्यांच्या घरी रविवार म्हणजे दोन वेळा चर्च आणि मधल्या वेळात शांतता. सायकलसुद्धा न काढणारी घरं होती. तिथे फुटबॉलचं नाव कोण काढणार?

तोड निघाली ती चर्चमधून नाही, कामगार कायद्यातून. १९१९ च्या कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे पंचेचाळीस तास ठरवले. पाच अठ्ठे चाळीस, उरले पाच. म्हणजे शनिवारची दुपार मोकळी झाली. त्या मोकळ्या दुपारी प्रोटेस्टंट गावांतली मुलं मैदानात उतरली, आणि शनिवारचा फुटबॉल वाढला तो या पाच तासांच्या हिशोबावर. धर्म, कायदा आणि खेळ यांची गाठ इतकी सरळ मारलेली मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

१९४० मध्ये जर्मन ताब्यात असताना हे सगळे महासंघ एका छत्राखाली कोंबले गेले. युद्ध संपलं तरी ते पुन्हा वेगळे झाले नाहीत. वार मात्र वेगळेच राहिले. केएनव्हीबीच्या आत दोन शिड्या उभ्या राहिल्या, एक शनिवारची, एक रविवारची. पायऱ्यांची नावं सारखी: चौथा वर्ग, तिसरा, दुसरा, पहिला, वर होफ्टक्लासे म्हणजे मुख्य वर्ग. दोन शेजारी क्लब एकाच पायरीवर असले आणि वार वेगळे असले, तर त्यांची गाठ साखळीत कधीच पडायची नाही. हंगामाच्या शेवटी शनिवारचा विजेता आणि रविवारचा विजेता समोरासमोर आले की मगच देशाचा हौशी विजेता ठरायचा.

सरकारनेही रविवार राखून ठेवला होता. १९५३ चा रविवारचा कायदा सांगतो की दुपारी एकच्या आधी सार्वजनिक करमणुकीचे कार्यक्रम करू नयेत आणि दोनशे मीटरच्या पलीकडे ऐकू जाईल असा विनाकारण गोंगाट करू नये. नगरपालिका सूट देऊ शकते आणि आता बहुतेक देते. तरी डच लीगच्या सामन्यांची परंपरेची वेळ रविवारी अडीचची, यात आधी चर्च, मग जेवण, मग फुटबॉल हा क्रम दिसतोच.

या सगळ्याचा अर्क पाहायचा तर स्पाकेनबुर्खला जावं. एके काळी झाउडरझे या खाडीवरचं कोळ्यांचं गाव. १९३२ मध्ये बंधारा पूर्ण झाला, खाडीचं गोडं तळं झालं आणि त्याला आयसेलमेर म्हणू लागले. त्याच सुमारास गावात दोन क्लब निघाले. १९३१ मध्ये स्पाकेनबुर्ख, निळ्या रंगाचा. १९३२ मध्ये आयसेलमेरफोखल्स, म्हणजे आयसेलमेरचे पक्षी, लाल रंगाचा. बंधारा आणि पक्षी एकाच वर्षीचे. दोघेही शनिवारचे, दोघांची मैदानं एकमेकांना खेटून. गावात निळं घर आणि लाल घर अशी ओळख सांगतात, आणि दोघांच्या सामन्याला हौशी फुटबॉल असूनही हजारोंची गर्दी होते.

कोळ्यांच्या गावातला शनिवारचा संघ इतका तगडा का, याचं कारण श्रद्धेत जितकं आहे तितकंच हिशोबात आहे. व्यावसायिक फुटबॉल तेव्हा मुख्यतः रविवारचा. धर्मनिष्ठ घरातल्या मुलाला वर जायचं तर रविवार सोडावा लागे. काहींनी सोडला, काहींनी नाही. जे राहिले ते आपल्याच गावात खेळले, दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. म्हणजे वर गेली असती अशी काही गुणवत्ता खालीच साठत गेली. काटवाइक हे समुद्रकाठचं दुसरं गाव, तिथेही हेच. व्हीव्ही काटवाइक आणि क्विक बॉइज, दोघे शनिवारचे.

ही साठलेली ताकद बाहेर पडते ती कपमध्ये, कारण कपचे सामने आठवड्याच्या मधल्या वारी असतात आणि तिथे व्यावसायिक आणि हौशी एकाच चिठ्ठीत. १९७५ मध्ये आयसेलमेरफोखल्सने उपांत्य फेरी गाठली आणि त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम क्रीडासंघ म्हणून निवड झाली ती त्यांची. आयाक्सची नाही, फाइनोर्डची नाही. निळ्यांना याचं उत्तर द्यायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. २०२३ च्या उपांत्यपूर्व फेरीत स्पाकेनबुर्खने एफसी उट्रेख्टला उट्रेख्टच्याच मैदानावर ४–१ असं झोडपलं. उपांत्य फेरीत पीएसव्ही त्यांच्या गावात आला आणि २–१ असा कसाबसा जिंकून गेला. तो निकाल योगायोगाचा मानायला मी तयार नाही. असा संघ वर्षानुवर्षं एकत्र सराव करतो, त्याच्याकडे उत्तम मैदान असतं, खेळाडूंना मानधन असतं, आणि काही जण व्यावसायिक अकादमीतून गळून इथे आलेले असतात. ‘हौशी’ या शब्दाने आपली फसगत होते, एवढंच.

मग एवढे चांगले संघ वर का जात नाहीत? २०१० मध्ये शनिवार आणि रविवार अशा दोन टॉपक्लासे, म्हणजे हौशी फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या साखळ्या, निघाल्या. २०१६ मध्ये त्यांच्यावर तिसऱ्या स्तराची ट्वेडे डिव्हिझी बसवली आणि तिथे पहिल्यांदा साखळीत दोन्ही वारांची सरमिसळ झाली. अठरा संघ. पण तिथून व्यावसायिक स्तरावर जायचं तर परवाना हवा, पूर्णवेळ कर्मचारी हवेत, अंदाजपत्रक तपासून घ्यायला हवं, आणि शनिवारच्या क्लबाला आपल्या वाराचीही चिंता. हिशोब मांडून बघितला की गावातलं पहिलं असणं देशातलं अडतिसावं असण्यापेक्षा परवडतं. मला हे भित्रेपण वाटत नाही.

व्यावसायिक फुटबॉलच मुळात उशिरा आणि अनिच्छेने आला. केएनव्हीबीला खेळाचे पैसे घेणं मंजूर नव्हतं. जो परदेशात जाऊन पगार घेईल त्याला राष्ट्रीय संघाचं दार बंद. १९५३ मध्ये ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री, म्हणजे शनिवार संपून रविवार लागताना, उत्तर समुद्राने झीलंड आणि आसपासचे बांध फोडले. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. फ्रान्समध्ये आणि इतरत्र खेळणाऱ्या बहिष्कृत डच खेळाडूंनी पूरग्रस्तांसाठी सामना ठरवला. १२ मार्च १९५३, पॅरिस, समोर फ्रान्सचा राष्ट्रीय संघ. पहिला गोल फ्रान्सने केला होता तरी बेर्टस डे हार्डर आणि ब्राम आपेल यांनी गोल करून २–१ असा सामना फिरवला. जे लोक देशाकडून खेळायला अपात्र होते ते देशाच्या अधिकृत संघापेक्षा उघडच सरस निघाले. १९५४ च्या उन्हाळ्यात केएनव्हीबीला बाजूला ठेवून एक बंडखोर व्यावसायिक संघटना उभी राहिली, तिचे सामने सुरू झाले आणि नोव्हेंबरात केएनव्हीबीने हात टेकले. दोन्ही एकत्र झाल्या. १९५६-५७ पासून एरेडिव्हिझी, म्हणजे देशाची अव्वल साखळी, पहिला विजेता आयाक्स.

तेव्हापासून आयाक्स, पीएसव्ही आणि फाइनोर्ड या तिघांशिवाय दुसऱ्या कोणी विजेतेपद मिळवल्याचं सहाच वेळा घडलंय. १९५८ मध्ये डीओएस, १९५९ मध्ये स्पार्टा, १९६४ मध्ये डीडब्ल्यूएस, १९८१ आणि २००९ मध्ये एझेड, २०१० मध्ये ट्वेंटे. यातल्या डीडब्ल्यूएसने तर खालच्या स्तरातून वर आल्याच्या पहिल्याच हंगामात बाजी मारली. पण ‘सरावाने बलवान’ आणि ‘इच्छाशक्तीने बलवान’ दोघेही आज वरच्या पातळीवर नाहीत. एक १९७० मध्ये एफसी उट्रेख्टमध्ये विरघळला, दुसरा १९७२ मध्ये एफसी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये, आणि तोही पुढे बुडाला. त्या दशकात नगरपालिकांनी पैसे घालून शहरांचे संघ घडवले आणि सुविचारांच्या जागी एफसी व शहराचं नाव आलं. ताळेबंद सुधारला असेल. नावं मात्र गरीब झाली.

व्यावसायिक स्तराची रचना थोडक्यात सांगतो, कारण एका ठिकाणी नवखा वाचक हमखास अडखळतो. वर अठरा संघ, प्रत्येकी ३४ सामने, शेवटचे दोन थेट खाली, सोळाव्याला प्ले-ऑफ, म्हणजे वरच्या स्तरातली जागा ठरवणारे जादा सामने. खालच्या डिव्हिझीत वीस संघ, पहिले दोन थेट वर. पण तिथला हंगाम चार ‘पेरिओड’मध्ये तोडलेला असतो. प्रत्येक तुकड्यातला अव्वल संघ प्ले-ऑफचं तिकीट मिळवतो, मग एकूण क्रमवारीत तो कितीही खाली असो. म्हणून मार्चमध्ये चौदाव्या क्रमांकाचा संघ जल्लोष करताना दिसला तर गोंधळू नये. त्याने ऑक्टोबरात मिळवलेलं तिकीट त्याच्या खिशात असतं. आयाक्स, पीएसव्ही, एझेड, उट्रेख्ट यांचे तरुण संघही याच स्तरावर खेळतात. त्यांना वर चढता येत नाही आणि हे तिकीटही मिळत नाही. बाकीच्यांची त्यांच्याबद्दलची तक्रार मला पटते. तरुणांच्या संघाविरुद्ध पाहुणे प्रेक्षक येत नाहीत आणि तिकीटखिडकी ओस पडते.

युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, जिंकणाऱ्या डच क्लबांची यादी सगळ्यांना पाठ असते. फाइनोर्ड १९७०, आयाक्स १९७१, ७२, ७३ आणि १९९५, पीएसव्ही १९८८. त्यातल्या पीएसव्हीच्या मोहिमेत एक गंमत आहे. उपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत पाच सामने आणि पाचही बरोबरीत. बोर्दो, रेआल माद्रिद यांच्याविरुद्ध परक्या मैदानावरचा एकेक गोल (बरोबरी झाली तर तेव्हा तो जास्त मोलाचा धरत), आणि बेनफिकाविरुद्ध पेनल्टी. सुंदर खेळाच्या देशाने त्या वर्षी हिशोबाने कप जिंकला. महिनाभराने, २५ जूनला, युरोच्या अंतिम सामन्यात म्युनिकमध्ये आर्नोल्ड म्युरनच्या उंच क्रॉसवर व्हान बास्टनने जवळजवळ गोलरेषेच्या कोनातून व्हॉली मारली आणि देशाने सोव्हिएत संघाला २–० हरवलं. पुरुषांच्या राष्ट्रीय संघाची मोठी स्पर्धा जिंकण्याची ती एकच वेळ. १९७४, १९७८ आणि २०१० या तिन्ही विश्वचषकांचे अंतिम सामने हरले. महिलांनी २०१७ मध्ये एन्सखेडेला डेन्मार्कवर ४–२ असा विजय मिळवून युरोपचं विजेतेपद घेतलं.

त्या शैलीबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी तिच्या उगमाबद्दल बोलणं टाळतो, तिच्या रोजच्या सरावाबद्दल बोलतो. डच प्रशिक्षक मैदानात आला की बहुधा आधी शंकू मांडतो आणि ‘पोझीसीस्पेल’ सुरू करतो, म्हणजे जागा धरून चेंडू राखण्याचा खेळ. पाचांविरुद्ध दोन, सहांविरुद्ध तीन, किंवा चारांविरुद्ध चार आणि तीन तटस्थ. या तटस्थांना तिथले प्रशिक्षक ‘कामेलेओन’ म्हणतात, सरडे. चेंडू ज्याच्याकडे, सरडे त्याच्या रंगाचे. म्हणजे चेंडू असलेल्या बाजूला नेहमी सात, नसलेल्या बाजूला चार. चेंडू हिसकावला की दुसऱ्याच क्षणी उलट. सगळं शिकणं त्या एका क्षणात आहे: गमावलेल्याने लगेच दाब टाकायचा आणि मिळवलेल्याने लगेच मैदान फाकवायचं.

हे बिघडतं बहुतेक वेळा मापामुळे. चौकोन फार लहान आखला तर चेंडू पायात अडकतो, पोरं धक्काबुक्की करतात आणि पास द्यायचा विचारच कोणी करत नाही. फार मोठा आखला तर दाब पडत नाही, दोन बचावपटू पळून दमतात आणि बाकीचे उभे राहून गप्पा मारल्यासारखे पास देतात. दुसरी चूक अंगाच्या ठेवणीची. चेंडूकडे तोंड करून सरळ उभा राहिलेला खेळाडू आला तिकडेच परत देतो. अंग अर्धं वळवून, लांबच्या पायाने चेंडू घेतला की पुढची बाजू उघडते. डच सरावात शिट्टी वाजते ती पास चुकला म्हणून कमी आणि उभं राहणं चुकलं म्हणून जास्त.

या शिकवणीला सोवळ्याचं रूपही येतं. ४-३-३, म्हणजे चार बचावपटू, तीन मधले आणि तीन आघाडीचे हा साचा, सोडला की पाप. २०१४ च्या विश्वचषकाआधी राष्ट्रीय प्रशिक्षक लुई व्हान खालने पाच बचावपटू लावायचं ठरवलं तेव्हा देशभर चर्चा झडली, जणू कोणी बांध फोडायला निघालंय. त्या संघाने पहिल्याच सामन्यात स्पेनला ५–१ हरवलं आणि तिसरा क्रमांक मिळवला. मग २०१६ ची युरो आणि २०१८ चा विश्वचषक, दोन्हींना पात्रही ठरता आलं नाही. मला वाटतं, त्या चार वर्षांनी एक गोष्ट उघडी पाडली. चेंडू राखणं शिकवून झालं होतं, एकास एक मात करणं शिकवायचं राहिलं होतं.

त्याच काळात मुलांच्या फुटबॉलची मापं बदलली, आणि डच फुटबॉलमधला अलीकडचा सगळ्यात मोठा बदल मी यालाच म्हणेन. २०१७ पासून सात वर्षांखालच्यांसाठी चारांविरुद्ध चार, गोलकीपरशिवाय, ३० बाय २० मीटरवर, तीन मीटर रुंद आणि एक मीटर उंच गोलपोस्ट. आठ ते दहा वर्षांखालच्यांसाठी सहांविरुद्ध सहा, ४२.५ बाय ३० मीटर. अकरा आणि बारासाठी आठांविरुद्ध आठ, ६४ बाय ४२.५ मीटर. तेराव्या वर्षाच्या गटापासून पूर्ण मैदान. मापं उगाच काढलेली नाहीत. मोठ्या मैदानाचे सारखे तुकडे पाडले की ती आपसूक निघतात, एका मैदानावर सकाळी चार सामने एकदम बसतात. लहानांच्या खेळात चेंडू बाहेर गेला तर हाताने फेकायचा नाही, पायाने आत आणायचा. कारण सात वर्षांच्या मुलाचा थ्रो-इन तीन मीटरवर पडतो आणि तिथे पंधरा पायांची गर्दी होते. पायाने आणला तर तोच मुलगा समोरच्याला चकवायचा प्रयत्न करतो. दहा वर्षांखालच्यांची गुणतक्ती ठेवत नाहीत. आईबाप मात्र मनातल्या मनात ठेवतात, हे कोणीही सांगेल. मुलं-मुली एकाच संघात.

हे सगळं घडतं शनिवारी सकाळी, आणि ते चालवणारे पगारी नसतात. डच क्लबचं खरं इंजिन कॅन्टीन आहे. सभासद वर्गणी भरतो, शिवाय वर्षातून ठरावीक पाळ्या ‘बारडीन्स्ट’ करतो, म्हणजे काउंटरमागे उभं राहून कॉफी, टोस्टी, बटाट्याचे तळलेले तुकडे आणि फ्रिकाडेल विकतो. बिअर विकायची असेल तर जबाबदारीने मद्य देण्याचं छोटंसं प्रशिक्षण आधी पूर्ण करावं लागतं. संघाच्या जर्सी एका पिशवीत, ती पिशवी दर आठवड्याला वेगळ्या घरी धुवायला. परगावच्या सामन्याला मुलांना कोणाच्या गाडीतून न्यायचं याचा तक्ता. पाळी चुकवली तर काही क्लब दंड लावतात, आणि नोव्हेंबरात पहिली भांडणं याच तक्त्यावरून होतात. सामना झाल्यावर कॅन्टीनमध्ये बसण्याला ‘तिसरा हाफ’ म्हणतात. तो पहिल्या दोघांपेक्षा लांब चालतो.

पाऊस झाला की मैदान खेळण्याजोगं आहे का हे ठरवणारा माणूस म्हणजे ‘कॉन्सुल’. पदवी वाणिज्यदूताची, काम बूट घालून चिखलात पाय रुतवून बघायचं. त्याने नाही म्हटलं की गवतावरचे सामने रद्द आणि कृत्रिम गवतावरच्यांचं भाग्य उजळतं. कृत्रिम गवत हा तिथला कायमचा वाद. व्यावसायिकांत हेराक्लेसने २००३ मध्ये ते आणलं, पुढे अनेकांनी उचललं, चेंडू वेगळा उसळतो आणि खेळाडू कुरकुरतात म्हणून २०२५-२६ पासून एरेडिव्हिझीत त्याला बंदी आली. हौशी क्लबांना मात्र ते सोडवत नाही. नैसर्गिक गवत एका ओल्या शनिवारी सहा सामन्यांनी उखडतं, कृत्रिम गवतावर सकाळी साडेआठपासून रात्री दिवे लावेपर्यंत खेळता येतं.

हौशी सामन्यात रेफरी एकच असतो. रेषेवरचा झेंडा दोन्ही संघ आपापल्या माणसाकडे देतात, बहुधा एखाद्या खेळाडूच्या वडिलांकडे. म्हणजे ऑफसाइड ठरवणारा तटस्थ नाही, हे सगळ्यांना मान्य असतं, आणि पद्धत विश्वासावर चालते. तो विश्वास डिसेंबर २०१२ मध्ये अल्मेर इथे तुटला. युवा सामन्यानंतर पाहुण्या संघातल्या मुलांनी झेंडा धरणाऱ्या एका वडिलांना मारलं आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. पुढच्या शनिवार-रविवारी देशभरातला हौशी फुटबॉल बंद ठेवला गेला. झेंडा आजही वडिलांच्याच हातात आहे, कारण दर आठवड्याला इतक्या हजार सामन्यांना पुरतील एवढी तटस्थ माणसं कुठून आणणार? खालच्या वर्गांत पिवळ्या कार्डाबरोबर दहा मिनिटं बाहेर बसवतात. तो उपाय मला कागदी शिक्षेपेक्षा शहाणपणाचा वाटतो. रागावलेला माणूस दहा मिनिटांत निवतो, आणि त्याच्या संघाला तोवर दहा जणांत खेळावं लागत असल्याने त्याला झापायचं काम संघच करतो.

आणि वार? तो कलंडला, पण ज्या बाजूला कलंडेल असं कोणाला वाटलं नसतं त्या बाजूला. चर्चमध्ये जाणारे घटले. खांब कोसळले. तर्काने पाहिलं तर आता रविवारचा फुटबॉल वाढायला हवा होता. झालं उलट. रविवारचे क्लब एकामागून एक शनिवारी येताहेत, कॅथलिक दक्षिणेतलेसुद्धा. कारण धर्म नाही. तरुण खेळाडूला शनिवारी सामना, तिसरा हाफ, रात्रीचं भटकणं आणि रविवारी उशिरापर्यंत झोप हवी असते. घरसंसार असलेल्याला एक पूर्ण दिवस मोकळा हवा असतो. क्लबला कॅन्टीन दोन दिवस उघडी ठेवायला माणसं मिळत नाहीत. धर्मोपदेशकांना शंभर वर्षं ओरडून जे पूर्ण जमलं नाही, ते बारडीन्स्टच्या तक्त्याने करून दाखवलं.

वार बदलायचा निर्णय सर्वसाधारण सभेत होतो. कॅन्टीनमध्येच खुर्च्या मांडतात, अध्यक्ष तक्ता दाखवतो, मागच्या रांगेतले जुने सभासद सांगतात की आमच्या वेळी रविवारी अडीचला अख्खं गाव इथे असायचं. ते खोटं नसतं. मग कोणीतरी विचारतं की सगळे शनिवारी आले तर मैदानं पुरणार कशी, कपडे बदलायच्या खोल्या किती, पाच नंबरच्या संघाला दुपारी चारची वेळ चालेल का. यावर अर्धा तास जातो, कारण प्रश्न खरा आहे. मुलांना साडेआठला बोलावलं तरी प्रौढांच्या शेवटच्या सामन्याला हिवाळ्यात दिवे लावावे लागतात आणि विजेचं बिल वाढतं. शेवटी हात वर होतात, मोजले जातात, इतिवृत्तात आकडा लिहिला जातो.

पुढच्या हंगामात शनिवारी तिथे गाडी लावायला जागा नसते. रविवारी फाटकाला कुलूप असतं.